एक खोका, दोन गाड्या: ठोकळ्यांच्या जोडसंचाचं परीक्षण कसं करावं

दोन गाड्यांचा संच म्हणजे एकाच खोक्यात दोन वेगळ्या परीक्षा. एक गाडी बुटकी, गोलसर, जुन्या घाटाची. दुसरी उंच चाकांची, उघड्यावाघड्या सांगाड्याची. जोडताना हात दोन्हीकडे वेगळा चालतो आणि चुका वेगळ्या ठिकाणी होतात. तरीही बहुतेक परीक्षणांत दोघींना मिळून एकच गुण दिलेला असतो. तो आकडा वाचून संच घ्यायचा की नाही ते कळत नाही, कारण घेणाऱ्याला बहुधा दोघींपैकी एकीची ओढ असते. म्हणून पहिला नियम असा की गुण वेगळे द्यायचे, सरासरी काढायची नाही.

उदाहरणासाठी लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स मालिकेतला ७५८९४ क्रमांकाचा संच घेऊ. २०१९ चा, ४८१ तुकड्यांचा. त्यात १९६७ ची मिनी कूपर एस रॅली आणि २०१८ ची मिनी जॉन कूपर वर्क्स बग्गी आहे. नाव एकच, पण गाड्या दोन टोकांच्या, त्यामुळे परीक्षणाचे जवळपास सगळे प्रश्न या जोडीत भेटतात. हा संच आता कारखान्यातून निघत नाही, जुन्या साठ्यातून किंवा वापरलेला मिळतो. हातात दुसरी कुठली जोडी असली तरी रीत हीच.

खोका उघडण्याआधी

मुंबई-पुण्याहून रत्नागिरी, गुहागर, मालवणपर्यंत येणारं पार्सल वाटेत दोनतीन गाड्या बदलतं. खोक्याचे आठही कोपरे दाबून बघा. पावसाळ्यात पुठ्ठा नरम पडलेला असेल तर आतल्या पुस्तिकेची पानं आणि स्टिकरचा कागदही ओल धरून बसलेला असतो. असा खोका लगेच फोडू नका. कोरड्या खोलीत, पंख्याखाली एक दिवस ठेवा. ओल धरलेला स्टिकर सोलताना त्याची कड दुमडते आणि ती घडी पुन्हा सरळ होत नाही.

सीलचे फोटो काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर बंद खोक्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि लिहून ठेवा. हा आकडा पुढे किमतीच्या हिशेबात लागतो.

अस्सलपणा तपासायचा तो खोक्यावरून आणि तुकड्यावरून, दोन्हीकडून. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्याआधी आलेल्या जुन्या साठ्यावर ते नसणार, तेवढ्यावरून संच नकली म्हणू नये. अस्सल लेगोच्या प्रत्येक स्टडवर, म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यावर, नाव उठावात कोरलेलं असतं. नकली मालात ते नसतं किंवा त्या जागी दुसरंच काही असतं. स्टडवरून नख फिरवलं की अंधारातसुद्धा फरक लागतो.

मांडामांड

फार काही लागत नाही. एक मोठी स्टीलची परात, सहासात वाट्या, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी (व्हर्नियर असेल तर उत्तम), बारीक टोकाचा चिमटा, रंगकामाचा मऊ ब्रश, ठोकळे सोडवायचं चपटं हत्यार, काटा आणि फोन. परात अशासाठी की एक स्टडचे तुकडे टेबलावरून उडतात आणि शहाबादी फरशीच्या सांध्यात जाऊन बसतात. परातीला कड असते आणि तुकडा पडला की आवाज होतो.

जागा निवडताना उजेड बघा. काळा आणि गडद राखाडी हे दोन रंग ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, आणि गाड्यांच्या संचात या दोन रंगांचा भरणा मोठा असतो. सकाळी पडवीत बसलात तर प्रश्न मिटतो. फक्त अंगावर येणारं ऊन आणि वारा टाळा. वाऱ्याबरोबर जांभ्याची तांबडी धूळ येते, ती स्टिकरच्या गोंदावर बसली की पांढऱ्या पृष्ठभागावर ठिपके कायमचे.

दोन गाड्यांच्या संचात बहुतेक वेळा प्रत्येक गाडीच्या पिशव्या आणि पुस्तिका वेगळ्या असतात. पिशवीवरचा आकडा बघून एकच पिशवी फोडा. तुकडे रंगाने नव्हे, आकाराने वेगळे करा. ढिगातून लाल तुकडा डोळ्याला चटकन सापडतो. पण पन्नास लाल तुकड्यांतून नेमका १×२ चा जाळीदार तुकडा शोधताना वेळ जातो. प्लेटा, म्हणजे पातळ चपटे ठोकळे, एका वाटीत, गुळगुळीत माथ्याच्या टाइल दुसरीत, उतरते आणि वळणदार तुकडे तिसरीत, कंस आणि बिजागऱ्या चौथीत, बारीकसारीक सगळं पाचवीत.

पारदर्शक काचा आधीच बाजूला काढून मऊ कापडावर ठेवा आणि उजेडात तिरक्या धरून ओरखडे बघा. पिशवीत बाकीच्या तुकड्यांवर घासून आलेली काच हा या प्रकारच्या संचातला नेहमीचा दोष आहे. जोडणीच्या आधीच फोटो काढला तर ओरखडा तुमच्या हातून पडला की तसाच आला, हा वाद राहत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी तुकड्यांची यादी असते. सगळे मोजत बसायची गरज नाही. एखादा कमी असेल तर जोडताना कळतंच, आणि यादीतला त्याचा क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून बदली मागवता येतो. उलट दिशेची चूक जास्त वेळा होते: शेवटी उरलेले बारीक तुकडे बघून काहीतरी राहिलं असं वाटतं. अगदी छोटे तुकडे एकएक जादा दिलेले असतात. उरलेला तुकडा नखाएवढा असेल तर निश्चिंत राहा. दोन बाय चारची प्लेट उरली तर मागे जा.

मिनी: दिसायला सोपी, ठोकळ्यांत अवघड

अलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी १९५९ मध्ये बाजारात आली. लांबी सुमारे ३.०५ मीटर, रुंदी १.४१, उंची १.३५, चाकं दहा इंची. इंजिन पुढे आणि आडवं बसवल्यामुळे एवढ्याशा गाडीत चार माणसं मावली. तिच्या अंगाला एकही सरळ रेषा नाही, सगळीकडे हलका फुगवटा. हाच फुगवटा ठोकळ्यांत उतरत नाही. लांबलचक आधुनिक गाडीचा उतार चार स्टड लांबीच्या वळणदार तुकड्यात भागतो. मिनीच्या बॉनेटला तेवढी जागाच नसते.

आता हिशेब. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. प्लेटची जाडी ३.२, पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६, म्हणजे तीन प्लेटांचा एक ठोकळा. २०१९ पर्यंत या मालिकेतल्या गाड्या साधारण सहा स्टड रुंद असत. २०२० पासून त्या आठ स्टडच्या झाल्या. सहा स्टड म्हणजे ४८ मिलिमीटर. १४१० ला ४८ ने भागा: जवळपास २९. म्हणजे मिनी अंदाजे १:२९ प्रमाणात. त्या प्रमाणात लांबी १०४ मिलिमीटर, म्हणजे तेरा स्टड यायला हवी, आणि उंची ४६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम चौदा प्लेटा. त्या चौदांत जमिनीपासूनचं अंतर, दारं, खिडक्या आणि छप्पर सगळं आलं. एका प्लेटची चूक झाली तरी गाडी टोपी घातल्यासारखी दिसते.

पट्टी लावून मॉडेलची लांबी, रुंदी, उंची आणि दोन्ही आसांमधलं अंतर मोजा आणि या आकड्यांशेजारी लिहा. ‘प्रमाण छान साधलंय’ या वाक्यापेक्षा ‘लांबी बरोबर, उंची दोन प्लेटा जास्त’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या कामाचं.

उंची जास्त भरण्यामागे बहुधा चालक असतो. उभा बाहुला चार ठोकळ्यांएवढा, सुमारे ४० मिलिमीटर. २९ ने गुणलं तर माणूस निघतो ११६ सेंटिमीटरचा, पण अंगाने पसरट. हातांसकट तो जवळपास तीन स्टड रुंद बसतो. सहा स्टडच्या गाडीत दोन्हीकडच्या भिंती वजा केल्या की चार स्टड उरतात, म्हणून चालक एकटा आणि मधोमध. रॅलीच्या गाडीत शेजारी वाट सांगणारा असायलाच हवा, ही या आकाराची खरी मर्यादा. ती आराखडा करणाऱ्याची चूक म्हणून मोजू नका, पण परीक्षणात नोंदवा.

जोडताना पुढच्या तोंडाकडे जास्त लक्ष द्या. तिथे तुकडे आडवे बसवलेले असतात, स्टड वर न येता समोर येतात. याचं गणित साधं आहे: पाच प्लेटांची जाडी १६ मिलिमीटर, दोन स्टडची रुंदीही १६ मिलिमीटर. पाचास दोन हे प्रमाण जिथे पाळलंय तिथे आडवा भाग उभ्या भागाला चपखल बसतो. जिथे पाळलेलं नाही तिथे फट राहते, आणि नवशिक्याला वाटतं आपणच नीट दाबलं नाही. फट दिसली की आधी पुस्तिका बघा, मग गाडी उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंना सारखी फट असेल तर ती आराखड्यातच आहे. एकाच बाजूला असेल तर कुठेतरी तुकडा अर्धवट बसलाय.

या गाडीची ओळख तिच्या दिव्यांत आहे, आणि त्याला कारण आहे. माँटे कार्लो रॅली मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. मधल्या १९६६ साली मिनी पहिल्या तिन्ही जागांवर पोचल्या होत्या, पण पुढच्या दिव्यांची रचना नियमाबाहेरची ठरवून तिघींना बाद केलं. पुढच्याच वर्षी राउनो आल्टोनेन आणि हेन्री लिडन यांनी रॅली परत जिंकून आणली. म्हणून मॉडेलचं तोंड तपासताना मोजा: मुख्य दिवे गोल आहेत का, जादा दिव्यांची रांग आहे का, आणि ती जाळीपासून थोडी पुढे येते का. लाल अंग आणि पांढरं छप्पर हा रंगमेळही त्या गाड्यांचा. यातलं काय ठोकळ्यांतून घडवलंय आणि काय स्टिकरवर ढकललंय, ते वेगळं लिहा.

बग्गी: टायर सगळं झाकतात

बग्गीची पहिली डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत, २०१८ ची, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिनातली. पुढे २०२० मध्ये कार्लोस सैन्झ आणि २०२१ मध्ये स्टेफान पेतरांसेल याच बग्गीतून सौदी अरेबियातली डकार जिंकले. मिनीचं इंजिन पुढची चाकं ओढतं, बग्गीचं मागची ढकलतं. रुंदी सुमारे २.२ मीटर आणि टायरचा व्यास जुन्या मिनीच्या टायरच्या जवळपास दुप्पट.

ठोकळ्यांत बग्गी जमवणं तुलनेने सोपं. मोठे टायर, उंच चाककमानी, छपरावर दोनचार वस्तू, आणि डोळा लगेच बग्गी मानतो. म्हणूनच तिची तपासणी कडक करा. टायर काढून ठेवा आणि उरलेलं अंग बघा. टायरांशिवायही ती बग्गी वाटत असेल तर आराखडा चांगला. नुसता चौकोनी खोका उरत असेल तर सगळं श्रेय टायरांचं.

मग उलटी करा. मिनीचं पोट कुणाला दिसत नाही. बग्गी जमिनीपासून उंच असल्याने शेल्फवर ठेवल्यावरही खालची बाजू डोळ्यांत भरते. तिथे रंगीबेरंगी आधाराच्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर लिहा. जोडताना पटकन सापडाव्यात म्हणून आतल्या तुकड्यांना मुद्दाम भडक रंग देतात, ते ठीक. पण ते बाहेर डोकावायला नकोत.

दांडी आणि पकडीचे सांधे बग्गीत जास्त असतात. आरसे, दिव्यांची पट्टी, मागचे आधार. प्रत्येक सांधा दहा वेळा वरखाली करा आणि मग गाडी हलकेच हलवा. जो भाग आपोआप खाली झुकतो तो मुलाच्या हातात आठवडाभर टिकणार नाही.

दोघी एका प्रमाणात आहेत का

हा प्रश्न जोडसंचातच पडतो आणि बहुतेक परीक्षणांत सुटून जातो. मिनीचं १:२९ बग्गीला लावून बघा: २.२ मीटर म्हणजे ७५ मिलिमीटर, नऊ स्टडहून जास्त. तुमच्या हातातली बग्गी टायरांसकट किती भरते ते मोजा. कमी भरली तर ती मिनीच्या मानाने अरुंद केलेली आहे. दोघींत तोच बाहुला बसवायचा आणि खोक्याची किंमत आवाक्यात ठेवायची, म्हणून असं करतात. शेल्फवर शेजारी ठेवल्यावर खरा फरक दिसतो का, एवढंच मग ठरवायचं. खऱ्या बग्गीशेजारी मिनी तिच्या खांद्याखाली जाईल एवढी ठेंगणी. मॉडेलमध्ये दोघींची छपरं एका पातळीत आली तर जोडीची गंमत गेली, मग एकेकटी गाडी कितीही सुबक असो.

चालवून बघणं

साधारण ६० सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत फळी घ्या. एक टोक पाच सेंटिमीटर उचलून खाली पुस्तक ठेवा. गाडी वरच्या टोकाला ठेवून सोडा, ढकलू नका. फळी उतरल्यावर फरशीवर किती अंतर गेली आणि सरळ रेषेपासून किती सरकली, दोन्ही मोजा. प्रत्येक गाडी तीनदा सोडा आणि मधला आकडा धरा. फरशी तीच ठेवा. चिऱ्याच्या खडबडीत ओटीवर लहान चाकांची मिनी अडते आणि मोठ्या टायरांची बग्गी सुखाने जाते, त्यामुळे ओटीवरची तुलना वेगळी लिहा. मुलं खेळणार ओटीवरच, म्हणून तीही हवी.

गाडी अडखळली तर आराखड्याला दोष द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. दांडीवर चाक फार आत दाबलं गेलंय का? चाक आणि अंग यांत कागद सरकेल एवढी फट हवी. टायर कडेला नीट बसलाय का? एकीकडे वर चढला असेल तर गाडी डुलते. आणि चाककमान वर पूर्ण दाबली गेली आहे का? अर्धा मिलिमीटर तिरकी बसलेली कमानही टायरला घासते. हे तिन्ही ठीक असून गाडी अडली, तर मग दोष संचाचा.

बग्गी कलंडते कधी तेही मोजता येतं. फळीवर रबरी चटई ठेवा, गाडी आडवी उभी करा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. फोनमधल्या पातळी दाखवणाऱ्या अ‍ॅपवर कलंडण्याचा कोन वाचा. मिनीचाही तसाच घ्या. उंच दिसणारी गाडी आधी पडेलच असं नाही. चाकं रुंद पसरलेली असली तर ती तग धरते. हा एक आकडा तीन परिच्छेदांचं वर्णन वाचवतो.

शेवटी पाडून बघा. चौपदरी गोधडीवर, दहा सेंटिमीटर उंचीवरून, चाकं खाली ठेवून. काय निखळलं त्याची नोंद करा. आरसा निघाला तर परत लावता येतो. छप्पर निघालं आणि आतला चालक सुटला तर ती गाडी शेल्फची, खेळायची नव्हे. लहान तुकडे असल्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात संच द्यायचाच नाही.

स्टिकर

या आकाराच्या रॅली गाड्यांचं निम्मं रूप स्टिकरांवर असतं, आणि कोकणच्या हवेत निम्मी तक्रारही त्यांचीच.

पन्हाळीसारखा वळलेला स्टिकरचा कागद रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटावरचा घाम गोंदाच्या कडेला गेला की तीच कड आधी उचलते. मळभ आलेल्या दमट दुपारी हे काम काढू नका. स्टिकर चिमट्याने नव्हे, सोडवायच्या हत्याराच्या चपट्या टोकावर कड टेकवून उचला. चिमट्याने कड दबते. लांब स्टिकर एका टोकाची कड तुकड्याच्या कडेशी जुळवून सोडत न्या, चौकोनी स्टिकर मधून बाहेर दाबत बसवा. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून सरकवत बसवायची युक्ती काही जण सांगतात. कोरड्या हवेत ती चालेल, इथे खाली अडकलेला ओलावा सुकत नाही आणि पावसाळ्यात बुडबुडे येतात.

दारांवरचे आकडे डावीउजवीकडे आरशातल्यासारखे जुळायला हवेत. पहिला लावल्यावर कडेपासूनचं अंतर पट्टीने मोजा, दुसरा त्याच मापाने. अर्धा मिलिमीटर तिरका गेलेला स्टिकर फोटोत डोळ्यात खुपतो.

चुकून लावलेला स्टिकर काढल्यावर गोंद उरला तर खोबरेल तेलाचा एक थेंब लावून मऊ कापडाने पुसा आणि तो तुकडा लगेच साबणाने धुवा. नखांचा रंग काढायचं द्रावण किंवा थिनर अजिबात नको. त्यातल्या अ‍ॅसिटोनने हे प्लास्टिक विरघळतं. धुवायचं पाणी कोमट, ४० अंशांच्या खाली.

लाल रंगावर पांढरा स्टिकर लावला की खालचा लाल झिरपून गुलाबी दिसतो का, आणि स्टिकरवरचा लाल तुकड्याच्या लालशी जुळतो का, हे दिवसाच्या उजेडात बघा. छापील तुकडे किती आणि स्टिकर किती, हा आकडा परीक्षणात हवाच.

फोटो

पांढरा चार्टपेपर भिंतीला टेकवून वळवा, म्हणजे मागे कोपरा दिसत नाही. खिडकीतून येणारा बाजूचा उजेड पुरतो, फ्लॅश नको. कॅमेरा बाहुल्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. वरून काढलेल्या फोटोत मिनी चपटी दिसते आणि उंचीतली चूक लपते. किमान पाच फोटो लागतात: दोघी शेजारी बाजूने, दोघी समोरून, प्रत्येकीचं पोट, आणि एक पट्टीसकट. पट्टीऐवजी दहा रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिलिमीटर.

किंमत

तुकड्यागणिक किंमत सगळे काढतात. समजा संच ३,५०० रुपयांना मिळाला, तर ४८१ ने भागून साधारण ७ रुपये २८ पैसे. पण गाड्यांच्या संचात एक स्टडचे बारीक तुकडे ढिगाने असतात आणि ते हा आकडा फसवा करतात. म्हणून ग्रॅमागणिक किंमतही काढा. त्यासाठी बंद खोक्याच्या वजनातून रिकामा खोका, पुस्तिका आणि पिशव्या वजा करा. दोन्ही आकडे शेजारी दिले की बारीक तुकड्यांनी संख्या फुगवलेला संच लगेच ओळखू येतो.

परदेशी किंमत रुपयांत बदलून ‘इथे महाग विकतात’ असं लिहू नका. भारतात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. तुलना करायची ती इथल्याच दुकानांतल्या त्याच तुकडासंख्येच्या दुसऱ्या संचाशी. बंद झालेल्या संचाची चढी किंमत हा संग्राहकांचा विषय, तो वेगळ्या ओळीत. कुरिअरचा खर्च मात्र धरा, सिंधुदुर्गातल्या आडगावात तो खेळण्याच्या मानाने कमी नसतो.

मग एक प्रश्न सरळ विचारा: यातली एकच गाडी हवी असेल तर हा खोका परवडतो का? दोन्ही गाड्यांचं वजन वेगवेगळं करून किंमत त्या प्रमाणात वाटा. मिनीसाठी संच घेणाऱ्याला बग्गीचे किती पैसे पडतात ते रुपयांत दिसतं.

लिहिताना

आधी मोजलेलं, मग पाहिलेलं, मग वाटलेलं. या क्रमाने लिहिलं की वाचणारा तुमच्या आवडीशी सहमत नसला तरी आकडे त्याच्या उपयोगी पडतात. जोडायला लागलेला वेळ पिशवीवार द्या आणि जोडणारा किती सरावाचा ते सांगा. पुस्तिकेतल्या कुठल्या पायरीवर अडायला होतं त्या पायरीचा आकडा द्या. संच भेट मिळाला असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगा. पाडून बघितलं नसेल तर ‘मजबूत’ हा शब्द वापरू नका.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर वाढलेल्या घरांत प्लास्टिकच्या गाडीला एवढे पैसे कशाला, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर जोडण्यात आहे. म्हणून गाडी मोडून दुसरं काय बनवता येतं, तेही करून बघा. बग्गीच्या मोठ्या चाकांवर मिनीचं अंग चढतं का? अर्ध्या तासात जमलं तर संचाचे तुकडे कामाचे आहेत.

पावसाळ्यानंतर दुसरी फेरी

किनाऱ्यावरच्या परीक्षणाला ही पुरवणी हवी. गाड्या काचेच्या दाराच्या कपाटात, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, महिन्याने बदलायच्या. डांबरगोळ्या जवळ नकोत, त्यांच्या वाफेचा प्लास्टिकवर परिणाम होतो. पुस्तिका झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर कसर आणि झुरळं कडा कुरतडतात. उन्हाची तिरीप पडणारी जागा टाळा. पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि मिनीचं छप्पर पांढरं आहे.

दसऱ्याच्या सुमारास दोन्ही गाड्या बाहेर काढा. किती स्टिकरांच्या कडा उचलल्या, ते कुठल्या तुकड्यांवरचे होते (वळणदार तुकड्यांवरचे आधी सुटतात), टायरांवर बुरशीची पांढरी झाक आली का, सांधे सैल झाले का. टायर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, अंग कोरड्या ब्रशने झाडा. फळीवरची चाचणी पुन्हा घ्या आणि जूनमधल्या आकड्याशेजारी ऑक्टोबरचा आकडा लिहा.